भाग एकचा शेवट

‘तू नेमकं करतेस काय?’ असं मला कोणी विचारलं, तर उत्तर माझ्याआधी नवरा देतो. ‘‘ती धागा राखते,’’ म्हणतो. जशी काही मी गुरं राखते. तो बोटीवर कुक आहे. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर आणि उरलेले रत्नागिरीत घरी, आणि घरच्या महिन्यांत असले शेरे मारायला त्याला भरपूर सवड असते. बोटीवर पंचवीस माणसांना तिन्ही त्रिकाळ जेवू घालणारा हा गृहस्थ घरी चहाचं आधणसुद्धा ठेवत नाही. ‘‘सुट्टीवर आहे मी,’’ असं वर ऐकवतो.

पण त्याचं म्हणणं खोटं नाही. मी खरंच धागा राखते. एक मराठी संकेतस्थळ आहे, जिथे लोक कांद्याच्या भजीपासून देशाच्या अर्थकारणापर्यंत कशावरही भांडू शकतात. तिथे ‘बोटीवरच्या माणसांच्या घरची मंडळी’ या नावाचा एक धागा फार वर्षांपूर्वी कोणीतरी काढला. आमच्या किनाऱ्यावर अशी मंडळी घरोघरी आहेत, त्यामुळे तो वाढला. इतका वाढला, की फोनवर उघडायला घेतला तर मधल्या वेळात भाजी चिरून व्हायची. मग त्याचे भाग पडले. भाग दोन, भाग तीन, करत करत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या सुमाराला, मी जरा जास्तच नियमित दिसते म्हणून, संस्थळाच्या प्रशासकांनी त्याची देखभाल माझ्या गळ्यात टाकली. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र मुबलक.

शिव्या कशाबद्दल, तर हलवाहलवीबद्दल. कोणीतरी विचारतं, बोटीवर द्यायला काय टिकतं? उत्तरं येतात: मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं. इथवर सगळं बरं चाललेलं असतं. मग एक जण सुकटीच्या चटणीची कृती देतो, दुसरी म्हणते त्यात खोबरं घालत नाहीत, आणि पुढचे चार दिवस बोट, समुद्र, माणसं सगळं बाजूला राहून खोबऱ्यावरून रणकंदन चालतं. ते सगळं उचलून मी दुसऱ्या धाग्यावर नेऊन टाकते. मग लगेच विचारणा होते.

‘‘माझा प्रतिसाद कुठे गेला?’’

‘‘सुकटीच्या धाग्यावर हलवलाय.’’

‘‘तो सुकटीबद्दल नव्हता. माझ्या मनःस्थितीबद्दल होता.’’

मी मनःस्थिती परत आणून ठेवते.

दुसरा त्रास म्हणजे तेच तेच प्रश्न. म्हणून प्रत्येक भागाच्या माथ्यावर मी ठळक तांबड्या अक्षरांत एक सूचना लावली होती: ‘प्रश्न विचारण्यापूर्वी कृपया धाग्याचे सर्व भाग वाचावेत.’ या सूचनेचा मला अभिमान होता. ती कोणीही कधीही पाळली नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि तिसरी गोष्ट, जी मला बंद करता येत नाही आणि करायचीही नाही, ती म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या धाग्यावर एक निवृत्त सारंग आहेत, भाट्याला राहतात. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जन्मभर लोकांवर ओरडल्यामुळे ते लिहितातही मोठ्याने. नवा भाग उघडला, की सारंगकाका रीतसर गाऱ्हाणं घालतात, देवळासमोर घालतात तसंच. ‘बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांनी नवा भाग काढलाय, तो गोड मानून घे. बोटीवर असतील त्यांना सुखरूप ठेव, घरी असतील त्यांना धीर दे. कोणी वाकडं लिहिलं असेल त्याचं सरळ कर, म्हाराजा!’ आणि मग जगभरातून होकाराची ओळ लागते. दापोलीहून ‘व्हय म्हाराजा.’ डोंबिवलीहून ‘व्हय म्हाराजा.’ दुबईहून ‘व्हय म्हाराजा’ आणि पुढे जोडलेले हात. एरवी कधी तोंड न उघडणारी माणसंसुद्धा त्या दिवशी हजेरी लावतात. नवा भाग सुरू होण्याआधीच त्याची पहिली काही पानं देवाच्या नावाने भरून जातात. मग दोन-तीन दिवसांनी, देवाचं ऐकून झालं असेल अशा बेताने, मी ती ओळ हळूच आवरून ठेवते.

यंदा दिवाळीनंतर असाच एक नवा भाग उघडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आवराआवरीला बसले. व्हय म्हाराजा काढला, व्हय म्हाराजा काढला, आणखी एक काढला, आणि एकदम हात थांबला. मध्येच वेगळं काहीतरी होतं. आदल्या संध्याकाळचं.

‘माजा मुलगा या बोटीवर आहे,’ असं म्हणून बोटीचं नाव लिहिलं होतं. ‘पहिलीच खेप. बरेच दिवस फोन नाय. मी पहिल्यापासून सगळं वाचलं. ती बोट बुडाली काय? कोणीतरी खरं सांगा. पूर्णगड.’

पत्राखाली घालतात तसं शेवटी गावाचं नाव. आणि त्याच्या खाली, वर काय लिहिलंय हे न बघता गाऱ्हाण्याला साद देणाऱ्यांची ओळ. ‘ती बोट बुडाली काय?’ व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. पार पानाच्या तळापर्यंत.

त्यात बोटीचं नाव ओळखीचं. मी ओरडतच बाहेर आले.

‘‘अरे, तुझी ती जुनी बोट बुडाली का?’’

नवरा पेपर वाचत होता. ‘‘कधी?’’

‘‘मला काय माहीत? एका बाईंनी लिहिलंय, सगळं वाचलं म्हणून.’’

‘‘सगळं म्हणजे काय?’’

हा प्रश्न मात्र त्याने नेमका विचारला. सगळं म्हणजे काय? मी परत आत गेले आणि कित्येक वर्षांत न उघडलेला भाग एक उघडला. शेवटच्या पानावर गेले. तिथे सर्वांत शेवटचा प्रतिसाद होता, आणि तो माझा होता.

‘कोणाला काही कळलं तर सांगा. ह्यांच्या बोटीवरून इतके दिवस झाले, काहीच निरोप नाही. एजंट म्हणतो, तिकडे मोठं वादळ आहे, संपर्क होत नाहीये. लेक रोज विचारते आणि मी रोज काहीतरी सांगते. आता मला भीती वाटायला लागली आहे.’

वर बोटीचं नाव. तीच बोट. आणि खाली एकच ओळ: ‘हा धागा प्रतिसादांसाठी बंद करण्यात आला आहे.’

तेव्हा भाग कुठे तोडायचा हे कोणी बघत नसे. प्रतिसाद फार झाले, की प्रशासक कुलूप लावत, आणि कुलूप नेमकं माझ्या त्या वाक्यावर पडलं होतं. पुढचं सगळं भाग दोनमध्ये. वादळात बोटीची दूरसंपर्काची यंत्रणा बंद पडली होती एवढंच, बाकी बोट ठणठणीत होती. नंतर कुठल्याशा बंदरातून नवऱ्याचा फोन आला आणि पहिलं वाक्य काय, तर ‘‘गॅसचा नंबर लावलास का?’’ मी त्याला फोनवर इतकं झापलं, की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग रडले, मग भाग दोनमध्ये जाऊन सुखरूप असल्याचं लिहिलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं, विषय संपला. त्यानंतर मी हा धागा एवढी वर्षं राखला, झाडला, पुसला. पण मला शेवट माहीत होता, म्हणून तो तिथे नाही हे मला कधी दिसलंच नाही.

आणि इतक्या वर्षांत माझी तांबडी सूचना पाळणारी पहिली बाई निघाली ती ही. तिने मुलाच्या बोटीचं नाव शोधलं असणार, धागा सापडला असणार, आणि सांगितलंय म्हणून पहिल्यापासून वाचत शेवटापर्यंत आली असणार. शेवटी काय, तर एक घाबरलेली बायको आणि खाली कुलूप. मग जिथे लिहिता येत होतं त्या सगळ्यात नव्या भागात येऊन तिने विचारलं असणार. तारखा कोण बघतो? काळजी वाचताना ती आजचीच वाटते.

मी घाईघाईने तिच्याखाली उत्तर लिहिलं. तेवढ्या वेळात आणखी दोन व्हय म्हाराजा येऊन गेले. खाजगी निरोप पाठवला, पण काल-परवा सदस्य झालेल्या माणसाला तो कुठे बघायचा हे ठाऊक नसतं. उत्तर येईना. शेवटी सारंगकाकांना फोन लावला.

‘‘काका, पूर्णगडात तुमचं कोण आहे?’’

‘‘पूर्णगडात माजं कोण नाय, असं इचार. काय झालं?’’

सांगितलं. काका म्हणाले, ‘‘माज्या गाऱ्हान्याखाली ही भानगड झाली होय?’’

‘‘तुमचा काय दोष काका? मी कोणाकडून तरी फोन...’’

‘‘फोन नको. फोनवर समदेच बरं हाय म्हनतात. एजंट पन तेच म्हनतो. तू जा. आनि तुज्या नवऱ्याला घेऊन जा. जिता मानूस दाखव.’’

नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. ‘‘म्हणजे मला दाखवायला नेतेस? प्रदर्शनात?’’

‘‘शर्ट बदल.’’

‘‘जिवंत दिसायला शर्ट कशाला लागतो?’’

तरी बदलला. स्कूटरवर निघालो. भाट्याचा पूल ओलांडला आणि पावस गावच्या रस्त्याला लागलो. गवत पिवळं पडलं होतं, ऊन चावत होतं. माझ्या डोक्यात एकच विचार. बोट तेव्हा बुडाली नव्हती हे आम्ही सांगू शकत होतो. पण तिचा मुलगा आत्ता कसा आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. फोन तर खरंच आला नव्हता. वाटेत पावसला थांबून नवऱ्याने त्या बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसात फोन लावला. ‘साहेब जेवायला गेलेत.’ बोटीचं नाव आणि गाव सांगून, आल्यावर फोन करायला सांगितलं. मुलाचं नाव मात्र आम्हाला सांगता येईना. ‘‘पूर्णगडचा आहे हो, नवीन,’’ एवढंच.

पूर्णगडात तेवढंच पुरलं. पहिल्याच दुकानात विचारलं, ‘‘इथला नवीन बोटीवर गेलेला मुलगा, त्याचं घर?’’

दुकानदाराने आधी आमची तोंडं निरखली. ‘‘काय बातमी घेऊन आलाव काय?’’

‘‘चांगली,’’ मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मनात देव आठवला.

‘‘मग जावा लवकर. कालपासून ती पडवीतनं हललेली नाय.’’

घर खाली उताराला होतं, जाळी वाळत घातलेली. नवरा स्कूटर लावायला सावली शोधत मागे राहिला आणि मी पुढे झाले. पडवीत माझ्याच वयाची बाई बसली होती. मांडीवर फोन, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, मासळीच्या हातांनी भिजू नये म्हणून. उजेडाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘कोण तुमी?’’

मी सबंध वाटभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. ‘‘मी त्या धाग्यावरची. म्हणजे, तुम्ही वाचलंत ना, त्या बोटीबद्दल, शेवटचं... ते मी लिहिलेलं.’’

ती उठली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि तिचे डोळे भरून आले.

‘‘तुमचे गेले काय गो बाय?’’

मी तिचे हात घट्ट धरले, त्याचा तिने भलताच अर्थ घेतला. ‘‘मी दोन रात्री तुमच्यासाठी पन रडले,’’ म्हणाली. ‘‘म्हटलं, ती बाय कुठं असेल, तिच्या पोरीला काय सांगितलं असेल.’’

माझ्या मागून आवाज आला. ‘‘सावलीच नाही कुठे. सीट तापणार आता.’’

तिने पाहिलं.

‘‘हे ते,’’ मी म्हटलं.

‘‘हे कोण?’’

‘‘हेच गेले नाहीत ते.’’

नवऱ्याने हेल्मेट काढलं आणि, त्याला दुसरं काय करावं सुचलं नसावं, म्हणून नमस्कार केला. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचा दंड दाबून पाहिला, बाजारात सुरमई दाबून बघतात तसा. मग मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, परत हसली. ‘‘जाडे पन झालेत गो,’’ म्हणाली.

‘‘घरचं खातो ना,’’ नवरा म्हणाला. शिजवतं कोण, ते काही बोलला नाही.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. मला माहीत असलेलं आणि काही मला माहीत नसलेलंही. त्या वादळात भांडी कशी दोरीने बांधून ठेवली होती, कोणाच्या पोटात काही ठरत नव्हतं म्हणून तो नुसती पेज कशी वाटत होता, आणि सगळे खलाशी आळीपाळीने त्याच्या स्वयंपाकघरात येऊन कसे बसत होते, कारण तिथे निदान ऊब होती. ‘‘बोट मजबूत आहे,’’ म्हणाला. ‘‘जुनी आहे, पण तिचा तळ चांगला. मी तिच्यावर दोन खेपा केल्यात. बुडणारी असती तर माझ्या वजनाने बुडली असती.’’

ती ऐकत होती, पण अजून पूर्ण सुटली नव्हती. तिने विचारलंच. ‘‘मग माजा पोरगा फोन का करत नाय?’’

समुद्रात मध्यावर फोन लागत नाहीत, नेट महाग असतं, नवीन पोरांना सांगितलं जात नाही, असं नवरा सांगत राहिला. तिने मान हलवली, जशी आपण एजंटासमोर हलवतो. आत जाऊन तिने आमच्यासाठी कोकम सरबत आणलं. ग्लास हातात घेतला आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. एजंट. नवऱ्याने आवाज मोठा केला.

‘‘हां, ती बोट ना? बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे. आत जागा नाही, नंबर लागलाय. तिकडे किनारा लांब आहे, फोनला रेंज नाही. काल रात्रीच कॅप्टनचा मेल आलाय, सगळे ओके. का हो, काय झालं?’’

‘‘पूर्णगडचा पोरगा?’’

‘‘तोच तो, बारका? डेकवर आहे. ओके म्हटलं ना सगळे.’’

‘‘कुक कोण आहे सध्या?’’

‘‘सावर्ड्याचा आहे एक.’’

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने फोन ठेवला आणि तिला म्हणाला, ‘‘झालं काम. सावर्ड्याचा म्हणजे माझ्या हाताखाली होता तो. भात नीट करतो. आमटी जरा पातळ करतो, पण उपाशी ठेवणार नाही कोणाला.’’

तेव्हा ती खरी सुटली. मला ते दिसलं. इतका वेळ ती पिशवीतला फोन मुठीत धरून होती, तो तिने बाजूला पायरीवर ठेवला आणि मग स्वतः सरबत प्यायली, एका दमात.

निघताना मी धीर करून विचारलं, ‘‘ते सगळे व्हय म्हाराजा... तुम्हाला काय वाटलं असेल.’’

‘‘अगो, मला काय गाऱ्हानं माहीत नाय? आमच्याकडे घालतातच की. ते कशाला आहे ते समजत होतं. पन एकामागून एक व्हय, व्हय आलं तशी मी पडवीतनं उठलेच नाय बघ.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘एक कर. तुजा तो शेवट तिथं लिही. जिथं तुटलंय तिथं. माज्यासारखी दुसरी कोन वाचील.’’

सांगायला सोपं होतं. घरी येऊन मी प्रशासकांना लिहिलं, की भाग एक थोडा वेळ उघडा, मला एक प्रतिसाद द्यायचाय. उत्तर आलं, ‘बंद झालेले धागे उघडण्याचा प्रघात नाही.’ मी परत लिहिलं. ‘सर्वांना समान नियम.’ मग मी त्यांना सगळी हकीगत लिहिली, पडवी, फोन, पिशवी, ‘तुमचे गेले काय गो बाय’, सगळं. मग एकच ओळ आली: ‘उघडलाय. लिहून झालं की सांगा. माझा भाऊ पण बोटीवर आहे.’

खरं तर त्या जागी एक ओळ पुरली असती. पण मी लिहायला बसले आणि नवरा पाठीमागे येऊन उभा राहिला.

‘‘काय लिहितेस?’’

‘‘तू सुखरूप आलास, असं.’’

‘‘वजनाचं नको लिहू.’’

मी लिहिलं: ‘वरच्या प्रतिसादातली बोट बुडाली नाही. वादळात संपर्क तुटला होता. माणसं सगळी सुखरूप परतली. माझा नवरा या क्षणी मागे उभा राहून मला चुका सांगतो आहे. पुढचं भाग दोनमध्ये आहे, पण घाबरला असाल तर तिथे जायची गरज नाही. इथेच थांबा. सगळं बरं झालं.’ मग कुलूप लागलं, या वेळी बरोबर जागेवर.

मग मला तो नादच लागला. एकेक जुना भाग घेऊन मी शेवट नसलेल्या काळज्या शोधायला लागले. निघाल्या बऱ्याच. लोक चिंता सविस्तर लिहितात आणि ती संपली की निघून जातात. सुटलेलं माणूस मागे वळून दार लावत बसत नाही. मी एकेकाला निरोप पाठवले: तुमचा भाऊ आला का? तुमच्या मिस्टरांचा पाय बरा झाला का? उत्तरं येत गेली. ‘अहो, तो तर कधीच आला! त्याचं लग्न झालं, दोन मुलं आहेत.’ ‘पाय? कुठला पाय? हां, तो! आता टेकडी चढतात.’ एकीने तर मलाच विचारलं, ‘मी असं लिहिलं होतं? मी?’ मी रोज दुपारी ते वाचत बसायचे. इतकी बरी बातमी एकगठ्ठा मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. तांबडी सूचना मी काढून टाकली. तिच्या जागी साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं, की काळजी मिटली, की कृपया येऊन सांगा.

पूर्णगडची आई पुढच्या आठवड्यात धाग्यावर आली. मी विचारायच्या आत तिने आपल्या काळजीचं पुढचं लिहून टाकलं होतं, आणि खाली गावाचं नाव घातलं होतं.

‘फोन आला. बोट आत लागली. तो बोलायचा होता, पन मीच बोलले. बरा आहे. आमटी पातळ आहे म्हणाला. पूर्णगड.’